पुढच्या चाकाला सरळ तारा? कोकणात नको!

देवगडी: काल इथे कुणीतरी लिहिलं, ‘किनाऱ्यावर राहताय ना, मग सायकलचं पुढचं चाक सरळ तारांचंच बांधा, म्हणजे तारा एकमेकींना न ओलांडता हबपासून (चाकाच्या मधल्या तुंब्यापासून) थेट रिमला. तारा एकमेकींना घासत नाहीत, खारं साचत नाही, वजन वाचतं.’ वाचून राहवलं नाही. वजन वाचतं किती? तीन क्रॉसपेक्षा (प्रत्येक तार इतर तीन तारांना ओलांडते त्या बांधणीपेक्षा) तार सेंटीमीटरभर आखूड, ३२ तारांत मिळून दहाएक ग्रॅम! त्यापायी प्रत्येक तार फ्लँजला (हबच्या ज्या कडेच्या भोकांत तारा अडकतात तिला) थेट बाहेर ओढते, आणि भोकाच्या पलीकडे धातू उरलेला असतो जेमतेम. कित्येक हबवाले सरळ तारा भरल्या तर वॉरंटीच देत नाहीत. डिस्क ब्रेक (हबवरची चकती धरणारा) असेल तर विषयच संपला. ब्रेकचा पीळ हबपासून रिमपर्यंत तारांतूनच जातो, सरळ तार तो पेलणार कशी?

घाटचढ: ती पोस्ट माझीच. डिस्कचं नाव कुणी काढलं? माझा रिमब्रेक आहे, तो रिमच धरतो, हबला पीळ पडतच नाही. याच चाकावर आंबोली चढतो-उतरतो, एकदाही आऊट (चाकाचं डुलणं) काढावा लागला नाही.

मासळीबाजार: क्रॉस कसले मोजताय? इथे तारा खाऱ्याने मरतात. माझे वडील कॅरिअरवर मासळीची पेटी बांधून गावोगाव फिरायचे. बर्फाचं खारं पाणी ठिबकायचं ते नेमकं मागच्या हबवर. जुन्या सायकलींना पुढे ३२, मागे ४० तारा. तुटायची ती मागचीच, तीही मानेपाशी, हबमध्ये अडकते त्या वळणावर. निपल (तार रिमला आवळणारे नट) चावीने हलायचे नाहीत, नुसते गोल व्हायचे. आधी स्टेनलेस तारा घ्या, मग भांडा.

देवगडी: आणि निपल पितळीच हवेत. स्टेनलेस तारेवर अ‍ॅल्युमिनियमचा निपल नि वर ही हवा, की निपल खाल्लाच म्हणून समजा.

मासळीबाजार: स्टेनलेस मिळतात कुठे? तालुक्याच्या दुकानात मागितल्या, तर जस्त चढवलेल्या तारा स्टेनलेसच्या भावात गळ्यात मारल्या. एका पावसाळ्यात गंजून लाल!

चावीवाला: मान गंजापेक्षा सैल तारेमुळे जास्त तुटते. तार खाली आली की ताण उतरतो, वर गेली की चढतो. सैल तार त्यातच थकते. चाक बांधून झालं की शेजारच्या तारा जोडीने मुठीत धरून करकचून आवळा आणि पुन्हा आऊट काढा. एवढं करतो कोण?

मासळीबाजार: आमचा जन्म खाऱ्यात गेला, आम्हाला गंज शिकवू नका!

चावीवाला: तुटलेली तार बघा की. गंज वरवरचा आणि चीर मानेच्या आत असेल तर काय म्हणाल?

देवगडी: बरं, रिमब्रेक असेल, हबवाला परवानगी देत असेल, तर पुढे भरा सरळ. मागे मात्र तीन क्रॉसच. पॅडलचा सगळा जोर तिथूनच जातो.

घाटचढ: मागचं मी कधी म्हटलं होतं? हबवाल्याला मात्र विचारतो, ते विचारलं नव्हतं.