कमी वाटा नाकारणं ही मेंदूतली चूक नाही

निशिगंध
परवा इथे एकांनी ठासून लिहिलं: "मेंदूच्या चाचण्यांनी सिद्ध झालंय, फुकट मिळणारे पैसे कमी आहेत म्हणून नाकारणारा माणूस रागाच्या आहारी गेलेला असतो, ही मेंदूतली चूक आहे. हुशार माणूस शंभरातला एक रुपयाही घेतो." दोन दिवस गप्प बसले, आज राहवत नाही.

हे ज्याच्या जिवावर म्हटलंय तो प्रयोग सॅन्फी आणि सहकाऱ्यांचा, २००३चा. १० डॉलर दोघांत वाटायचे. एकाने वाटे पाडायचे, दुसऱ्याने हो किंवा नाही म्हणायचं. नाही म्हटलं तर दोघांच्याही हाती काही नाही. नऊ-एक किंवा आठ-दोन अशी वाटणी आली की स्कॅनरमध्ये पडलेल्या माणसाच्या मेंदूतल्या इन्सुला नावाच्या भागाची पुढची बाजू जास्त कामाला लागायची, आणि नकार देताना तर आणखीच. इथपर्यंत बरोबर. पण तीच वाटणी संगणकाने केली आहे असं सांगितलं, की लोक ती कितीतरी जास्त वेळा घेत होते. डॉलर तेवढाच, तोटाही तेवढाच. मग राग त्या डॉलरचा होता का? समोरच्या माणसाने मला काय समजून हा वाटा पुढे केला, त्याचा होता.

झुरिकचा २००६चा प्रयोग तर कोणी सांगतच नाही. कपाळामागच्या उजव्या बाजूचं काम चुंबकीय स्पंदनांनी थोडा वेळ मंद केलं, तर लोक २० फ्रँकमधले चारही जास्त वेळा घ्यायला लागले. विचारलं तर सांगत होते, वाटणी अन्यायाचीच आहे. अन्याय कळत होता, नाही म्हणायचं बळ तेवढं गेलं होतं. हा भाग मोहाला आवर घालणारा. तो शाबूत असेल तरच माणूस नाही म्हणू शकतो. याला रागाच्या आहारी जाणं म्हणायचं?

आकडेमोड
ते मीच लिहिलं होतं आणि मागे घेत नाही. तुम्ही सोयीचा प्रयोग उचललात. २००७ साली केनिग्ज आणि ट्रॅनेल यांनी कपाळामागच्या खालच्या-मधल्या भागाला इजा झालेल्या रुग्णांना हाच खेळ दिला. ते निरोगी माणसांपेक्षा जास्त नकार देत होते. भावनांना लगाम घालणारा भाग गेला आणि नकार वाढले. आता बोला.

दुसरं, १० डॉलरवर रुसायला काय जातं? २०११ साली ईशान्य भारतातल्या खेड्यांत केलेला अभ्यास प्रसिद्ध झाला. तिथे रक्कम २० रुपयांपासून २०,००० रुपयांपर्यंत नेली. रक्कम मोठी झाली तसे नकार जवळजवळ संपले. पोटाचा प्रश्न आला की सगळे हिशेबी होतात.

काचेआड
बारा वर्षं एमआरआयच्या काचेमागे बसते, म्हणून सांगते. इन्सुला पेटला म्हणजे राग आला, हे म्हणणंच चूक आहे. दुखलं, किळस आली, छातीत धडधडलं, नुसतं पोट गुरगुरलं तरी तो पेटतो. मेंदूशास्त्रज्ञ पोल्ड्रॅक यांनी २००६ सालीच बजावलं होतं की मेंदूचा भाग बघून उलटा मनाचा अंदाज बांधू नका. आणि २००९चा तो मेलेला सॅमन मासा आठवा. त्याला स्कॅनरमध्ये ठेवून माणसांचे फोटो दाखवले आणि योगायोग गाळणारी आकडेवारीतली नेहमीची दुरुस्ती केली नाही, तर मेलेल्या मेंदूतही ठिपके उजळले. दोघंही त्या रंगीत ठिपक्यांवरून भांडताय.

निशिगंध
काचेआड, चुंबकाच्या प्रयोगात ठिपके बघितलेच नव्हते, मेंदूचं काम बदलून वागणूक मोजली होती. तुमचा आक्षेप सॅन्फींना लागू पडतो, तिथे मानते. झुरिकला नाही.

माळावरची
माझं शास्त्रातलं शिक्षण नाही. पण "रक्कम मोठी झाली की सगळे हिशेबी होतात" हे वाचून हात थरथरले, म्हणून लिहिते.

माझ्या वाट्याला सव्वा एकर येत होती. वडील गेल्यावर भावाने हक्कसोडपत्र तयार करूनच बोलावलं. दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात बाकावर बसले होते. वहिनीने एक पिशवी मांडीवर ठेवली. आत साडी, तिच्यावरची किमतीची चिठ्ठीही काढलेली नव्हती, ११५० रुपये. भाऊ म्हणाला, "ताई, सही कर, मग जेवायलाच जाऊ." मी केली. अंगठा लावला, फोटो काढला.

आकडेमोड, मी हिशेबी होते म्हणून केली का? नाही म्हटलं असतं तर जमीन मिळाली असती, माहेर गेलं असतं. दिवाळीला कुठे जाणार होते मी? आणि निशिगंधताई, तुमचंही मला लागलं. सही करणाऱ्या बाईचं बळ गेलेलं नसतं. तुमच्या खेळात दोन अनोळखी माणसं एकदाच भेटतात. मला त्याच्या हाताला राखी बांधायची होती.

बांधावरचा
भाऊ म्हणून बोलतो. प्रत्येक वेळी भाऊच चोर. आईचं डायलिसिस चार वर्षं मी केलं, आठवड्यातून दोनदा तालुक्याला. सोसायटीचं कर्ज माझ्या नावावर. बहिणीच्या लग्नात विकलेली दोन एकर कोणी मोजत नाही. खेळातले १० डॉलर आकाशातून पडलेले असतात. आमची जमीन आकाशातून पडलेली नाही.

तलाठ्याची नात
लग्नाचा खर्च म्हणजे वाटणी नव्हे. मुलींच्या वाट्याचा कायदा महाराष्ट्रात १९९४ला बदलला, देशभर २००५ला. वडील २००५ आधी वारले असले तरी वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीचा हक्क जन्मापासूनचा, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२०त स्पष्ट केलं. तुमच्या सातबाऱ्यावर बहिणीचं नाव आहे का, तेवढं सांगा.

बांधावरचा
कायदा मला शिकवू नका. रात्री दोनला आईला ओकारी झाली तेव्हा कायदा आला नव्हता.

तलाठ्याची नात
म्हणजे नाव नाही.

आकडेमोड
विषय मेंदूचा होता, सातबाऱ्यावर गेला.

निशिगंध
गेला नाही, तिथेच होता. दोघं, एक वाटणी, एक हो की नाही. मानववंशशास्त्रज्ञ हाईनरिक आणि सहकाऱ्यांनी १५ छोट्या समाजांत हा खेळ नेला. पेरूच्या माचिगेंगा जमातीत सरासरी २६ टक्केच देऊ करत आणि समोरचे बहुतेक घेतही. पापुआ न्यू गिनीत निम्म्याहून मोठा वाटाही नाकारणारे निघाले, कारण तिथे भेट घेणं म्हणजे मिंधं होणं. मेंदू सगळ्यांचा तोच. घेणं कशाला म्हणायचं आणि मिंधेपण कशाला, ते घरात शिकतो. माळावरची, तुमचं बरोबर आहे. "बळ गेलं" हे मी फार सरसकट लिहिलं.

आकडेमोड
ठीक. "चूक" हा शब्द माझा घाईचा होता, तेवढा सोडतो. पण रुग्णांचा अभ्यास इथे कोणीही खोडलेला नाही आणि ईशान्येतल्या खेड्यांचाही नाही. आणि माळावरचीने शेवटी सही केलीच.

माळावरची
केली. त्या दिवशी जेवायला गेलो तेव्हा भाऊ माझ्या पानात वाढत होता आणि माझ्या घशाखाली घास उतरत नव्हता. हे तुमच्या कुठल्या रकान्यात बसतं?

बांधावरचा
रात्रभर विचार केला. माझ्या बहिणीची सही अजून झालेली नाही. मीही कागद तयार करूनच नेला होता, तिला आधी विचारलं नव्हतं. तिने पेन खाली ठेवलं आणि उठून गेली. आठ महिने झाले, बोलणं नाही. मला वाटलं, तिला जमिनीचा मोह सुटला. एवढं मान्य करतो की विचारायला हवं होतं. पण आईच्या खर्चाचा हिशेब मी सोडणार नाही. सगळ्या पावत्या माझ्याकडे आहेत.

माळावरची
मग पावत्या तिच्यासमोर ठेवा, कागदाच्या आधी. मला कोणी दाखवल्या नाहीत.