यॉर्कला दोन दिवस, आई-बाबांसोबत: काय पाहावं, काय सोडावं?

लोकलवाला
एप्रिलच्या सुरुवातीला लंडनहून यॉर्कला जायचा बेत आहे. दोन रात्री मुक्काम. सोबत आई-बाबा आणि नऊ वर्षांची लेक. आईचे गुडघे दुखतात, ती शुद्ध शाकाहारी. बाबा मध्य रेल्वेतून निवृत्त. गाडी चालवणार नाही, ट्रेनच. नेटवरच्या याद्यांमध्ये सगळंच ‘पाहायलाच हवं’ असतं, म्हणून इथे विचारतोय. कुणी म्हाताऱ्या माणसांना घेऊन गेलंय का?

मृण्मयी_के
सासू-सासऱ्यांना नेलं होतं. गाव सपाट आहे, बराच भाग फक्त चालणाऱ्यांसाठी, त्यामुळे तसा त्रास नाही. पण शॅम्बल्समध्ये दगडी फरशी ओबडधोबड आहे, आईंना चांगले बूट घालायला सांगा. ती कसायांची जुनी गल्ली, दुकानांबाहेर मांस टांगायचे आकडे अजून आहेत. वरचे मजले इतके पुढे झुकलेत की समोरासमोरच्या खिडक्यांतून हस्तांदोलन करावं. सकाळी नऊच्या आत जा. नंतर जादूच्या छड्या विकणाऱ्या दुकानांसमोर ही रांग लागते, मग गल्ली दिसतच नाही, नुसती डोकी दिसतात.

मिन्स्टरला, म्हणजे इथल्या मोठ्या कॅथेड्रलला तिकीट आहे, पण द्या. मनोऱ्याच्या २७५ पायऱ्या आईंनी विसराव्यात. पूर्वेची मोठी खिडकी मात्र बाकावर बसून निवांत बघा. जॉन थॉर्न्टन नावाच्या कारागिराने १४०५ ते १४०८ या काळात केली, टेनिस कोर्टाएवढी आहे. तिच्या चौकटींमध्ये बायबलमधली सृष्टीची सुरुवात आणि शेवट रंगवलाय. दुर्बीण असेल तर न्या, वरचं काही डोळ्यांना लागत नाही.

उत्तरेचा_वारा
संध्याकाळच्या प्रार्थनेला, म्हणजे ईव्हनसाँगला, प्रवेश फुकट. गायकवृंद अप्रतिम. फक्त तेव्हा फिरता येत नाही, त्यामुळे खिडकीसाठी तो पर्याय नव्हे.

आणि बाबा रेल्वेवाले म्हणताय तर चर्चाच कसली! नॅशनल रेल्वे म्युझियम स्टेशनच्या मागेच, चालत दहा मिनिटं, प्रवेश फुकट. अर्धा दिवस तिथेच जाणार हे धरून चाला. निळं ‘मॅलार्ड’ उभं आहे, १९३८ साली ताशी २०३ किलोमीटर धावलेलं, वाफेच्या इंजिनांचा विक्रम अजून त्याच्याच नावावर. जपानच्या पहिल्या बुलेट ट्रेनचा डबा आहे, आत बसता येतं. पण बाबांना चीनसाठी १९३५ साली बनवलेल्या त्या अवाढव्य इंजिनापाशी न्या. ते ज्या व्हल्कन फाउंड्रीत तयार झालं, तिथूनच १८५३ च्या बोरीबंदर-ठाणे गाडीची इंजिनं आली होती. मग पुढचा तासभर तुम्हाला काही बोलावं लागणार नाही.

शेंगदाणा
लेकीसाठी योर्विक, हे व्हायकिंगांचं म्युझियम. १९७६ ते ८१ दरम्यान कॉपरगेटला खोदकामात व्हायकिंगांची वस्ती सापडली, त्याच जागी जमिनीखाली ते गाव उभं केलंय. छोट्या गाडीत बसून फिरायचं, वास पण खरेखुरे सोडतात. एका व्हायकिंगची हजारेक वर्षांपूर्वीची विष्ठा काचेत ठेवली आहे. मुलं त्यावरच जीव टाकतात. तिकीट आधी काढा.

मृण्मयी_के
@शेंगदाणा, मोठ्यांना पैसे वाया गेल्यासारखं वाटतं हो. लेकीबरोबर एकाने जावं, आई-बाबांना म्युझियम गार्डन्समध्ये बसवावं. सेंट मेरीज ॲबीचे, म्हणजे जुन्या मठाचे भग्नावशेष, रोमन बुरूज, खारी, सगळं फुकट.

लोकलवाला
भारी! तटबंदीवर चालणं आईला जमेल का? आणि गावाबाहेर काही?

उत्तरेचा_वारा
पूर्ण तट साधारण साडेतीन किलोमीटर, तो नको. बूथम बार ते मंक बार एवढाच करा (इथे बार म्हणजे तटाची वेस), मिन्स्टर आणि त्यामागच्या बागा तिथूनच छान दिसतात. चढायचा जिना अरुंद आणि उभा आहे, काही ठिकाणी आतल्या बाजूला कठडा नाही. आई नको म्हणाल्या तर आग्रह करू नका. तटाखालच्या उतारावर त्या दिवसांत डॅफोडिल्स असतात, ते खालूनही दिसतात.

बाहेर जायचं तर ८४० नंबरची कोस्टलायनर बस पकडून पिकरिंगला जा आणि तिथून नॉर्थ यॉर्कशायर मूर्सची वाफेची गाडी. रोज धावत नाही, वेळापत्रक बघूनच दिवस ठरवा. समुद्रकाठचं व्हिटबी सुंदर आहे, पण ॲबीला १९९ पायऱ्या. फाउंटन्स ॲबी गाडीशिवाय नकोच.

शेंगदाणा
आई-बाबांचं सीनियर रेलकार्ड काढा. साठीच्या पुढे कुणालाही मिळतं, पासपोर्ट दाखवला की झालं. तिकिटात एक तृतीयांश सूट.

मृण्मयी_के
आणि आईंना यॉर्कशायर पुडिंग गोड समजून मागवू देऊ नका. त्यात अंडं असतं, आणि बऱ्याच ठिकाणी ते गाईच्या चरबीत भाजतात.