कव्हर क्रॉपला मराठीत काय म्हणाल? आच्छादन पीक, हिरवळीचं खत की बेवड?

एका लेखाचं भाषांतर करतोय. विषय असा की थंड हवेच्या देशांत मका-सोयाबीन निघालं की रान महिनोनमहिने उघडं राहतं, म्हणून तिथे राय हे गवतवर्गीय नाहीतर व्हेच, क्लोव्हर ही द्विदल असलं काहीतरी पेरतात, ते हिवाळाभर उभं राहतं आणि वसंतात मोडून परत मका, तर याचा पुढच्या पिकावर आणि मातीतल्या कार्बनवर काय परिणाम होतो. माझं पहिलं वाक्य असं झालंय: "हिवाळी आच्छादन पिकांमुळे उत्पन्न घटते, मात्र जमिनीतील कर्ब वाढतो." वाचायला गुळगुळीत आहे पण कुठेतरी खटकतंय. आच्छादन पीक बरोबर आहे ना?

---

खटकणारच. आच्छादन म्हटलं की शेतीवाल्याच्या डोळ्यासमोर मेलेलं काहीतरी येतं, पाचट, भुसा, वाळलं गवत नाहीतर प्लॅस्टिकचा कागद. म्हणजे मल्चिंग. कव्हर क्रॉप जिवंत असतं, मुळं खाली चालू असतात, सगळा खेळच त्या मुळांचा आहे. आणि पुढे अशी गंमत होणार की तेच पीक मोडून जागेवर पसरलं की ते खरोखरच आच्छादन होतं, मग तुम्ही काय लिहिणार, आच्छादन पिकाचं आच्छादन केलं? मी तर झाकपीक म्हणेन.

---

झाकपीक कोण म्हणतं हो, आत्ताच जन्माला घातलात ना? सरळ हिरवळीचं खत म्हणा की, सगळ्यांना कळतं.

---

कळतं पण चुकीचं कळतं. हिरवळीचं खत म्हणजे फुलोऱ्यावर आलं की गाडायचं, हेतू खताचा. कव्हर क्रॉप गाडतातच असं नाही, बिननांगरटीच्या शेतीत ते रोलरने लोळवतात किंवा तणनाशक मारून जागेवरच मारतात, काही ठिकाणी ओट आणि मुळा मुद्दाम पेरतात कारण कडक थंडीत ते आपोआप मरतात, मोडायची कटकटच नाही.

आणि खत म्हणाल तर राय उलटंच वागतं. व्हेचमध्ये कार्बन आणि नत्राचं प्रमाण साधारण ११ ला १, कोवळ्या रायमध्ये २६ ला १, आणि रायचं काड झालं की ८० च्या वर. साधारण २५ च्या पुढे गेलं की ते कुजवायला जिवाणूंना लागणारं नत्र ते मातीतून उचलतात, मग मक्याचं रोप पिवळं पडतं आणि माणूस म्हणतो अरे मी तर खत गाडलं होतं. याला नत्र अडकणं म्हणा, कृपा करून स्थिरीकरण म्हणू नका, तो शब्द हवेतलं नत्र मुळांवरच्या गाठींमध्ये बांधण्यासाठी आधीच गेलाय. व्हेच स्थिरीकरण करतं, राय अडकवतं, दोन्हीला एकच शब्द लावला तर वाचणाऱ्याचं डोकं फिरेल.

---

राय लिहिताय तर जपून. टाइप करताना राई झालं की संपलं, राई म्हणजे मोहरी. आणि मोहरीच्या कुळातली पिकंसुद्धा कव्हर क्रॉप म्हणून लावतात, त्यामुळे चूक कोणाच्या लक्षातही येणार नाही. राय हे गव्हासारखं तृणधान्य, रायग्रास वेगळं, तो चारा. पहिल्यांदा येईल तिथे "राय नावाचं गव्हासारखं धान्य" असं लिहून मोकळे व्हा.

तसंच लेखात कॅच क्रॉप आलं असेल तर सापळा पीक करू नका. सापळा पीक किडीसाठी. इथे पकडायचं असतं ते नायट्रेट, मका निघाल्यावर उरलेलं, जे पावसाच्या आणि वितळलेल्या बर्फाच्या पाण्यासोबत खाली झिरपून जातं. गवतवर्गीय पीक ते मुळांनी उचलून धरतं, या कामात राय एक नंबर.

---

सगळ्यांनी एक जुना चांगला शब्द विसरलाय, बेवड. आधीच्या पिकाने रानात जे मागे ठेवलं ते बेवड. हरभऱ्याचा बेवड चांगला, म्हणजे त्यावर पुढचं पीक जोमात येतं. तुमच्या लेखाचा अर्धा विषय हाच आहे ना?

---

बेवड झकास! पण तो परिणामाचा शब्द आहे, पिकाचा नाही. व्हेचचा बेवड मक्याला मानवतो, हे अगदी मराठी वाक्य झालं. आणि ते खरंही आहे, अमेरिका-कॅनडातले प्रयोग एकत्र करून २००५ आणि २०१७ साली आढावे निघाले त्यात गवतवर्गीय कव्हर क्रॉपनंतर मक्यात फारसा फरक नाही, द्विदलानंतर मात्र वाढ, आणि नत्र खत जितकं जास्त दिलं तितकी ती वाढ पुसट होत गेली. त्यामुळे "आच्छादन पिकांमुळे घटते" असं एका फटक्यात लिहिणं बरोबर नाही, कुठलं पीक ते आधी सांगा.

रब्बी पण म्हणू नका हं कोणी, रब्बीचं पीक काढून घरात आणतात, हे काढायचंच नसतं.

---

मूळ प्रश्नकर्ता. घट मी मनाने नाही लिहिली. लेखात २०२३ चा उपग्रहाच्या चित्रांवरून केलेला अभ्यास आहे, अमेरिकेच्या मका पट्ट्यातली शेतं, जिथे तीन किंवा जास्त वर्षं कव्हर क्रॉप होतं तिथे मका सरासरी ५.५ टक्के आणि सोयाबीन ३.५ टक्के कमी निघालं.

---

मग बरोबर, तिथे प्रयोगाचे प्लॉट नाहीत, शेतकऱ्यांची खरी शेतं आहेत, बहुतेक राय असणार, उशिरा मोडलेलं, ओल पिऊन टाकलेली. पण शब्द उत्पन्न नको, उत्पन्न म्हणजे पैसे असंही वाचतात. भाव वाढला तर माल कमी येऊनही उत्पन्न वाढेल. उत्पादन लिहा, किंवा शेतातला शब्द हवा तर उतारा. एकरी उतारा घटला. टर्मिनेशनला मात्र समाप्ती वगैरे करू नका, तुम्ही वर लिहिलंय तसं पीक मोडणं हेच ठेवा.

---

आता कर्बाबद्दल. मी माती तपासणीच्या रिपोर्टमध्ये रोज हा घोळ बघते. सेंद्रिय कर्ब आणि सेंद्रिय पदार्थ एक नाहीत, पदार्थात कर्ब ढोबळमानाने ५८ टक्के, म्हणून कर्बाला १.७२४ ने गुणलं की पदार्थ. आणि कार्बन डायऑक्साइडचा हिशोब असेल तर कर्बाला ३.६७ ने गुणलेलं असतं. एकच आकडा तीन अवतारांत फिरतो आणि प्रत्येक जण त्याला कर्बच म्हणतो.

"कर्ब वाढतो" म्हणजे किती ते बघा. २०१५ च्या एका जागतिक आढाव्यात वरच्या २२ सेंटिमीटर थरात हेक्टरी वर्षाला सरासरी ०.३२ टन वाढ आली. आता एक हेक्टर, २२ सेंटिमीटर खोल, म्हणजे २२०० घनमीटर माती, घनता १.३ धरली तर २८६० टन. त्यात ०.३२ टन म्हणजे ०.०११ टक्के. रिपोर्टवर ०.५० चं ०.५१ व्हायला एक वर्ष, आणि मशीनची चूकच त्याहून जास्त असते. वाढतो हे खरं, पण "पुढच्या वर्षी परत तपासून बघू" म्हणणाऱ्याला काहीच दिसणार नाही.

आणि जमिनीतील म्हणजे कुठवर? कॅलिफोर्नियात डेव्हिसजवळ १९ वर्षांच्या प्रयोगात दोन मीटर खोलीपर्यंत मोजलं. रासायनिक खतासोबत फक्त हिवाळी कव्हर क्रॉप होतं तिथे वरच्या ३० सेंटिमीटरमध्ये हेक्टरी १.४४ टन वाढला, आणि त्याखाली १४.८६ टन घटला. कंपोस्टही दिलं होतं तिथे मात्र एकूण साठा १२.६ टक्के वाढला. मग तुमचं "जमिनीतील कर्ब वाढतो" हे वाक्य वरच्या वीतभर मातीपुरतंच खरं.

---

मूळ प्रश्नकर्ता. धन्य. नऊ शब्दांत सहा चुका. आता असं केलंय: "हिवाळ्यात रान झाकायला पेरलेल्या पिकांचा बेवड पुढच्या पिकाला मानवेलच असं नाही, रायनंतर मक्याचा उतारा घटू शकतो; मातीच्या वरच्या थरात सेंद्रिय कर्ब मात्र सावकाश वाढतो." कव्हर क्रॉप कंसाशिवाय तसंच ठेवतोय, एकदा समजावून सांगून.

---

बरंय. फक्त "सावकाश"च्या आधी "सरासरी" घाला, प्रत्येक शेतात वाढतोच असं नाही. आणि झाकपीक तेवढं एकदा वापरून बघा की.