वस्तीतला बाजार: रस्त्याच्या कडेला की मंडईच्या इमारतीत?

आराखडेवाला
मुंबईच्या विकास आराखड्यात मंडईचं आरक्षण असलेल्या भूखंडाचा काही हिस्सा बांधून पालिकेला दिला की उरलेल्या जागेत मालकाला पूर्ण एफएसआय (भूखंडाच्या प्रमाणात मिळणारं बांधकाम) वापरता येतो. मग रस्त्यालगतची जागा विक्रीच्या दुकानांना जाते आणि मंडई ढकलली जाते मागे, पंपरूमच्या शेजारी. तिथे गिऱ्हाईक कशाला जाईल?

बाजार स्टेशनातून घरी जायच्या वाटेवरच हवा. दादरचा रानडे रोड शिवाजी पार्काकडे जाणाऱ्या पायी वाटेवर आहे, म्हणून चालतो. घरापासून चारपाचशे मीटरच्या आत, संध्याकाळी माणसं ज्या बाजूने परततात त्या बाजूला. मध्ये रेलिंगवाला डिव्हायडर असला तर पलीकडची वस्ती हिशेबातच धरू नका. गाळ्याची दर्शनी बाजू तीन मीटर पुरे, खोली सहा-सात. त्याहून खोल गाळ्याचा मागचा भाग गोदामच होतो.

परळकर
असहमत. २९ सप्टेंबर २०१७ ला एल्फिन्स्टन रोड स्टेशनाच्या (आताचं प्रभादेवी) पादचारी पुलावर चेंगराचेंगरीत २३ माणसं गेली. त्यानंतर उच्च न्यायालयाने स्टेशनापासून १५० मीटरपर्यंत फेरीवाले नकोत, हे पुन्हा बजावलं. तुमची ‘घरी जायची वाट’ तिथूनच सुरू होते.

आणि माल उतरवायचं काय? वाशीच्या घाऊक बाजारातून भाजी येते तेव्हा छोटा हत्ती उभा राहतो रस्त्यातच, कारण दुकानांच्या रांगेला मागचं दार नसतं. मंडईच्या आवारात निदान दोन टेम्पो आत घेता येतात.

आराखडेवाला
१५० मीटर म्हणजे अख्खी वाट नव्हे हो. बाजार त्याच्या पुढे सुरू करा. टेम्पोसाठी सकाळी आठपर्यंतची वेळ आणि गल्लीच्या तोंडाशी आखलेली जागा, एवढं पुरतं.

ओटा नंबर सात
दोघेही भाजीचंच बोलताय. मासळी रस्त्यावर चालतच नाही. तिला पाणी लागतं आणि तेच पाणी बाहेर काढायची सोय लागते. ओटा गुडघ्याच्या वर, कमरेच्या खाली. वर कडाप्पा, उतार पुढच्या नाळीकडे, नाळीवर उचलता येणारी जाळी. नाळी गटाराला मिळण्याआधी खवले अडवणारी टाकी हवीच आणि ती रोज उपसायची. टाकीचा खर्च वाचवला तर सगळे खवले आणि आतडी गटाराच्या लायनीत जमतात, लाइन तुंबते आणि घाण पाणी भाजीच्या बाजूला चढतं. जमिनीला गुळगुळीत टाइल लावणाऱ्याला एकदा भरली पाटी घेऊन त्यावरून चालायला लावावं. तळघरात मासळी बाजार दिलात तर वास लिफ्टच्या पोकळीतून वरच्या मजल्यांवर जातो, मग सोसायटी भांडायला येते. मासळीला मंडईच हवी, तळमजल्यावर आणि दोन बाजूंनी उघडी.

मुलुंड पूर्व
ओटावाल्यांना +१. पण इमारत बांधून भागत नाही. गाळे एकेकाला विकले की निम्मे गुंतवणूकदारांकडे जातात, शटर खाली ते खालीच. पाच मोबाइलवाले आणि एकही किराणा नाही, असं होतं, कारण कोणता धंदा कुठे हे ठरवणारं कुणी उरत नाही. गाळे भाड्याने आणि एकाच्या ताब्यात ठेवा. वरच्या मजल्यावर क्लास, दवाखाना, शिंपी चालतो; कांदे-बटाटे घ्यायला कुणी जिना चढत नाही.

झोपु (झोपडपट्टी पुनर्वसन) योजनेत तर २०.९० चौरस मीटरपर्यंतचा गाळा मोफत मिळतो, पण तो आतल्या बाजूला, पार्किंगकडे तोंड करून दिला की जुना रस्त्यावरचा धंदा बसलाच.

परळकर
आतल्या गाळ्याचं मान्य. पण रस्त्याचा आग्रह धरणाऱ्यांनी पदपथ मोजावा. फेरीवाल्याला १ मीटर × १ मीटर जागा, शिवाय इंडियन रोड्स काँग्रेसच्या (रस्त्यांचे निकष ठरवणारी संस्था) निकषांप्रमाणे निवासी भागात चालायला १.८ मीटर मोकळे, बाजारपेठेत २.५. गिऱ्हाईक उभं राहायला अर्धा मीटर धरा. म्हणजे बाजारपेठेत चार मीटर. तेवढा सलग पदपथ उपनगरात दाखवा.

आराखडेवाला
नाहीच. म्हणून फेरीवाले एकाच बाजूला आणि त्या बाजूचं गाड्यांचं पार्किंग बंद. उभ्या गाडीला दोन मीटर लागतात, तेवढे पदपथाला जोडा. २०१४ चा फेरीवाला कायदा प्रभागातल्या लोकसंख्येच्या अडीच टक्क्यांपर्यंत फेरीवाले सामावून घ्यायला सांगतो. तेवढे मंडईत मावणार आहेत का?

परळकर
पार्किंग काढायला आधी नगरसेवक तयार करा, मग बोलू.