आंधळी कोशिंबीर, आंधळ्यांची शाळा आणि पुढे

एक शब्द घ्यायचा आणि तो ज्यांच्या नावात आहे असे खेळ, नाटकं, पुस्तकं शोधायची, असं इथे चाललंय. ‘राजा’ आणि ‘घर’ हे शब्द असलेली नावं बरीच जमली आहेत. खेळ, नाटक, पुस्तक तिन्हींत सापडणारा शब्द हवा असेल तर ‘आंधळा’ घ्या.

खेळ अर्थात आंधळी कोशिंबीर. नाटक ‘आंधळ्यांची शाळा’, श्री. वि. वर्तकांचं. यावर जरा थांबायलाच हवं. नाट्यमन्वंतर या नाट्यसंस्थेने 1933 साली ते मुंबईत रंगमंचावर आणलं. मूळ नाटक नॉर्वेचा लेखक ब्यर्नसन याचं. लग्नाआधीच्या चारित्र्याची जी अपेक्षा मुलीकडून, तीच मुलाकडून का नाही, हा त्यातला प्रश्न. स्त्रियांच्या भूमिका स्त्रियांनीच केल्या, त्यात ज्योत्स्ना भोळे होत्या. संगीत केशवराव भोळ्यांचं. पदांच्या मैफली रंगवणाऱ्या संगीत नाटकांच्या काळात मोजक्या गाण्यांचं, वास्तववादी नाटक करायला धाडस लागतं. मराठी रंगभूमीच्या गप्पांत या नाटकाचं नाव इतकं कमी निघतं याचं मला खरंच वाईट वाटतं.

शाहीर साबळ्यांचं ‘आंधळं दळतंय’ हे मुक्तनाट्यही याच रांगेतलं. मुंबईतल्या मराठी माणसाच्या अवस्थेवरचं.

पुस्तकासाठी मेघना पेठे यांचा कथासंग्रह ‘आंधळ्याच्या गायी’. गंमत बघा, शेवटची दोन्ही नावं अर्ध्यावर सोडलेल्या म्हणी आहेत. पीठ खाणारं कुत्रं आणि गायी राखणारा देव, दोघंही शीर्षकाबाहेर ठेवलेत. मला ही युक्ती फार आवडते, कारण उरलेलं वाचक मनात आपोआप म्हणतोच.

‘चोर’वर कोणी प्रयत्न करेल का? राजा-राणी-चोर-शिपाई खेळ आहेच हाताशी.