मदत हवी आहे: दोन बिलिंग काउंटर एका वेळी चालत नाहीत

हळदवाला
नमस्कार. सांगलीला मार्केट यार्डात आमची अडत आहे. एक मेन पीसी, त्यावर बिलिंगचा सगळा डेटा, आणि दोन लॅपटॉप. तिन्ही वायरने स्विचला, म्हणजे सगळ्या वायरी एकत्र येतात त्या डब्याला, जोडलेत. एक लॅपटॉप एकटा चालू असला की बिल झटक्यात निघतं. दुसरा चालू केला की दोन्हींचं रडगाणं सुरू. कधी याचं बिल अडकतं, कधी त्याचं. मेन पीसीवरून पिंग दिलं (समोरचं मशीन उत्तर देतंय का बघायची कमांड) तर तीनचार उत्तरं येतात, मग 'रिक्वेस्ट टाइम्ड आउट', मग परत उत्तरं. केबल बदलली, स्विच पण नवीन आणला. सोमवारी सौदे आहेत. लेक्चर नको, उपाय सांगा.

क्रिम्पिंग_किंग
नव्या केबलचं क्रिम्पिंग कुणी केलं? दोन्ही टोकांना रंगांचा क्रम ५६८बी आहे ना? असले घोळ जॅकमध्येच असतात. मी टेस्टर लावल्याशिवाय कुणाला पैसे देत नाही.

हळदवाला
रेडीमेड केबल आहे. आणि एकटा चालतो असं लिहिलंय वर. केबल खराब असती तर एकटा तरी कसा चालला असता?

भटक्या
आयपी, म्हणजे मशीनचा नेटवर्कवरचा पत्ता, डुप्लिकेट. दोन्हीला एकच दिला असणार. पुढचा प्रश्न.

हळदवाला
नाही हो. एकाला २१, दुसऱ्याला २२, मेन पीसी १०. मी स्वतः टाकलेत. विंडोज पण काही ओरडत नाही.

वायफायप्रेमी
आजकाल वायर ओढतं का कुणी? चांगला मेश सेट घ्या, कटकट संपेल. मी घरी तीन मजल्यांवर लावलाय, गच्चीत पण फुल रेंज.

हळदवाला
पत्र्याचं शेड आणि छतापर्यंत पोत्यांच्या थप्प्या. वायफाय बघून झालंय. वायरचं सांगा.

सर्व्हर_काका
लूप झालाय. कुणीतरी एकाच केबलची दोन्ही टोकं स्विचमध्ये खोचली असतील. इथरनेटच्या फ्रेममध्ये, म्हणजे वायरवरून जाणाऱ्या डेटाच्या पुडक्यात, आयपीसारखा टीटीएल (किती टप्प्यांनंतर मरायचं तो आकडा) नसतो, त्यामुळे सगळ्यांना जाणारी ब्रॉडकास्ट फ्रेम मरत नाही, गोल गोल फिरत राहते. यावर रेडिया पर्लमन बाईंनी १९८५ मध्ये डेक कंपनीत असताना स्पॅनिंग ट्री ही लूप तोडायची पद्धत काढली. साध्या स्विचमध्ये ती नसते. मॅनेज्ड स्विच घ्या, आयुष्यभराचं काम.

तन्वी_केबलवाली
काका, लूप असता तर तिन्ही मशीनं एकदम झोपली असती आणि एकटा लॅपटॉपही चालला नसता.
हळदवाला, दोन गोष्टी सांगा. आयपी हाताने का दिलात? ऑटोवर असताना काय होत होतं? आणि लॅपटॉपना स्वतःचा लॅन पोर्ट आहे की यूएसबीचा ॲडॅप्टर लावलाय?

हळदवाला
त्याचा काय संबंध? लॅपटॉप पातळ आहेत, पोर्ट नाही. यूएसबीचे ॲडॅप्टर लावलेत, ऑनलाइन मागवले, सगळ्यात स्वस्त होते ते. ऑटोवर दोघांना एकच आयपी यायचा, १०५. राउटर खुळा आहे म्हणून तर हाताने दिला.

तन्वी_केबलवाली
अहो, हे पहिल्या पोस्टमध्ये हवं होतं! राउटर खुळा नाही. राउटर समोरच्याला मॅक ॲड्रेसवरून, म्हणजे नेटवर्क कार्डात कंपनीने भरलेल्या नंबरावरून, ओळखतो. दोघांना एकच आयपी दिला, म्हणजे त्याला ते दोघं एकच वाटले.
दोन्ही लॅपटॉपवर कमांड प्रॉम्प्ट उघडून आयपीकॉन्फिग /ऑल द्या आणि ॲडॅप्टरखालची 'फिजिकल ॲड्रेस' ही ओळ बघा. शिवाय एका लॅपटॉपवरून दुसऱ्याला पिंग द्या. माझा अंदाज, एकही उत्तर येणार नाही.

भटक्या
ताई, काहीही. मॅक ॲड्रेस जगात एकमेव असतो, कॉलेजच्या पहिल्या वर्षाला शिकवतात. आयईईई ही इंजिनिअरांची संस्था वाटते ते नंबर.

तन्वी_केबलवाली
आयईईई अर्धाच वाटते. सहा बाइटपैकी पहिले तीन कंपनीला मिळतात, उरलेले तीन कंपनीने प्रत्येक नगाला वेगळे भरायचे. १ कोटी ६७ लाखांहून जास्त नग बसतात त्यात. पण भरणारा आळशी असला की सगळ्या लॉटला एकच नंबर. आर्डुइनोच्या छोट्या बोर्डांवर प्रयोग करणाऱ्यांना विचारा. सॅम्पल कोडमधला 'डेड बीफ फीड' असा वाचता येणारा मॅक तसाच ठेवून दोन बोर्ड एका स्विचला लावणारे कितीतरी जण असतात.

जुनं_ते_सोनं
आमच्या वेळी कोॲक्स केबल होती. १८५ मीटरचा एक तुकडा, दोन टोकांना ५० ओहमचे टर्मिनेटर. शिपायाने झाडू मारताना एक टर्मिनेटर काढला की अख्खं ऑफिस बंद. तुम्ही पोरं सुखी आहात.

हळदवाला
बघितलं. फिजिकल ॲड्रेस बाराच्या बारा अक्षरं सेम. दोनदा वाचून दाखवलं पोराकडून. आणि एकमेकांना पिंग अजिबात जात नाही, 'डेस्टिनेशन होस्ट अनरीचेबल'. पण मग आयपी वेगळा असून उपयोग काय? आणि एकटा कसा चालतो?

तन्वी_केबलवाली
स्विचला आयपी कळतच नाही. तो फक्त फ्रेमचं डोकं वाचतो. आधी सहा बाइट कुणासाठी, मग सहा बाइट कुणाकडून, मग दोन बाइट आत काय आहे ते. पुढे तुमचा डेटा, ४६ ते १५०० बाइट, आणि शेवटी चार बाइटची तपासणी-बेरीज.
'कुणाकडून' वाचून स्विच आपल्या तक्त्यात लिहितो की हा मॅक अमुक पोर्टवर आहे. नोंद साधारण ३०० सेकंद टिकते, पण तोच मॅक दुसऱ्या पोर्टवरून बोलला तर लगेच खोडून नवा पोर्ट लिहितो. तुमचे दोन लॅपटॉप एकाच मॅकने बोलतात, म्हणजे जो शेवटी बोलला त्याच्या पोर्टवर दोघांचंही टपाल. २१ चं उत्तर २२ कडे गेलं की तिथलं कार्ड म्हणतं मॅक माझाच आहे, आत घेतं. मग विंडोज आयपी बघतं, आपला नाही म्हणून गुपचूप टाकून देतं. कुठेही एरर नाही, कारण फ्रेम धडधाकट आहे, फक्त चुकीच्या दारात.
एकमेकांना पिंग का नाही? फ्रेम ज्या पोर्टवरून आली तिथेच पत्ताही निघतो. स्विच अशी फ्रेम टाकून देतो. आणि एकटा असला की भांडायला दुसरा नाही.

हळदवाला
म्हणजे दोन अडत्यांच्या पोत्यांवर एकच मार्का, आणि हमाल शेवटी हाक मारणाऱ्याच्या गाळ्यात उतरवतोय. आलं लक्षात. आता उपाय.

जुनं_ते_सोनं
हब लावा. हब असता तर चाललं असतं.

सर्व्हर_काका
हब? कुठल्या संग्रहालयातून आणायचा? हबवर तर टक्कर होणार.

जुनं_ते_सोनं
टक्कर झाली तर परत पाठवतात, त्यासाठीच ती पद्धत होती. हब तक्ता ठेवत नाही, सगळ्यांना सगळं देतो. दोघांनाही फ्रेम मिळते, ज्याचा आयपी तो ठेवतो. विचारा ताईंना.

तन्वी_केबलवाली
तत्त्वतः बरोबर आहे काकांचं. पण हब शोधण्यात सोमवार जाईल.

भटक्या
जंबो फ्रेम चालू करा, बिलं लवकर निघतील. ९००० बाइट.

सर्व्हर_काका
बिल केवढं असतं? आणि स्विच, पीसी, ॲडॅप्टर सगळ्यांना जंबो जमलं पाहिजे. साधी फ्रेम १५१८ बाइटपर्यंत. याला त्याची काडीची गरज नाही.

तन्वी_केबलवाली
हळदवाला, फक्त एका लॅपटॉपवर करा. डिव्हाइस मॅनेजर, नेटवर्क ॲडॅप्टर्स, तुमच्या यूएसबी ॲडॅप्टरवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, ॲडव्हान्स्ड. तिथे 'नेटवर्क ॲड्रेस' किंवा 'लोकली ॲडमिनिस्टर्ड ॲड्रेस' दिसेल. त्यात ०२००००००००२२ टाका, मध्ये रेघा नकोत. सुरुवात ०२ नेच करा. पहिल्या बाइटमधला तो २ म्हणजे हा पत्ता कंपनीचा नाही, आम्ही घरी दिलेला आहे अशी खूण. पहिला बाइट विषम ठेवू नका, तो मल्टिकास्टचा, म्हणजे एकदम अनेकांना पाठवायचा पत्ता होतो. मग तो लॅपटॉप आणि मेन पीसी रीस्टार्ट करा, मेन पीसीत जुना पत्ता लक्षात राहिलेला असतो.

हळदवाला
झालं. दोन्ही काउंटर एकदम चालू, मेन पीसीवरून दोघांना पिंग लावून ठेवलंय, एकही सुटलं नाही. एकमेकांनाही जातंय. ताई, आभारी आहे. विकणाऱ्याला मेसेज केला, तो म्हणतो ड्रायव्हर अपडेट करा.
अजून एक. त्याच ऑर्डरमधला तिसरा ॲडॅप्टर घरी पोराच्या लॅपटॉपला आहे. तो पण बदलावा लागेल का?

तन्वी_केबलवाली
घरी राहील तोवर नाही. मॅक ॲड्रेस राउटरच्या पलीकडे जात नाही, पलीकडे नवी फ्रेम, नवे मॅक. घरचं आणि दुकानचं नेटवर्क वेगळं, त्यामुळे भांडण नाही. पोरगा लॅपटॉप घेऊन दुकानात आला तर मात्र त्यालाही वेगळा द्या, शेवटी २३ करून.

क्रिम्पिंग_किंग
तरी एकदा जॅक बघून घ्या.