आयटीआयचं सर्टिफिकेट जर्मनीत चालतं का?

इचलकरंजीकर: दोन वर्षांचा आयटीआय इलेक्ट्रिशियन, पुढे सहा वर्षं एमआयडीसीत पॅनल वायरिंग. जर्मनीत हे धरतात का?

सांगलीवाला: धरतात, पण इथल्या साडेतीन वर्षांच्या शिक्षणाशी ताडून. मी न्यूरेंबर्गच्या आयएचके फोसाकडे, म्हणजे परदेशी व्यवसाय-शिक्षण तपासून मान्यता देणाऱ्या कार्यालयाकडे, अर्ज केला होता. पहिलं अनुभवपत्र एका ओळीचं, ‘काम समाधानकारक’. त्याला कोण विचारतंय! मग साहेबांच्या मागे लागून कॉन्टॅक्टर, रिले, मेगरनं इन्सुलेशन तपासणं, असं एकेक काम लिहून घेतलं. तरी मान्यता अर्धवटच. उरलेलं इथं जर्मनीतल्या कंपनीत शिकलो.

इचलकरंजीकर: आमचे साहेब नुसत्या सहीला आठवडा लावतात, दादा. भाषांतर मीच केलं तर?

सांगलीवाला: नको भावा, शपथबद्ध भाषांतरकाराकडूनच. आणि जर्मनचा क्लास आजच लाव, सही होईपर्यंत थांबू नकोस.